गॅलरीतले गज
वाशीमला एका कापड व्यापाऱ्याच्या तीन मजली इमारतीवर मी नवा इंजिनियर होतो, तेव्हा तिथं लोखंड बांधायला अनसिंगचा एक मिस्त्री होता. इमारतीचं डिझाइन मुंबईच्या कॉम्प्युटरवर झालं होतं आणि त्याच्या कागदांचा गठ्ठा मी काखेत घेऊन मिरवायचो. मिस्त्री त्या कॉम्प्युटरला जावई म्हणायचा. "काय म्हणते जावईबापू? जेवले का?"

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचे मुख्य गज जावयानं खालच्या बाजूला दाखवले होते. मिस्त्री अडून बसला.

"साहेब, हे तं नुसती बाहेर लोंबते. वजन आलं का वरून फाटन. गज वर पाह्यजेत."

"कॉम्प्युटर चुकत नसतो."

"मंग बाहेरच्या टोकाले तिचा खांब कुठी हाय? दाखवा मले."

मी उगाच कागद चाळत राहिलो. मालकानं काँक्रीट ओतायला सांगितलं, तसा हा गडी सरळ गजांवर आडवा झाला. "ओता! माह्यासकट ओता!" मजुरांनी हसत घमेली खाली ठेवली.

चिडलेल्या मालकानं मुंबईला ट्रंक कॉल लावला. तेव्हा कळलं, तिकडे कॉम्प्युटरमध्ये माहिती भरणाऱ्यानं गॅलरीला दोन्हीकडून आधार दाखवला होता. गज वर गेले. कॉम्प्युटरनं आपली चूक आपणच शोधली, असं मालक गावभर सांगत सुटला. मी ते खोडून काढलं नाही.

उद्घाटनाला आम्ही पाहुण्यांसह त्याच गॅलरीत उभे होतो. मिस्त्री खाली रस्त्यावर होता.

"साहेब, कठडा काहून धरून राह्यले?" तो ओरडला. "नाचा बिनधास्त!"

सगळे हसले. त्याला वर बोलवायचं मलाही सुचलं नाही.