निंबाला टांगलेला घड

आमच्या घरात केळी कधी कोणी विकत आणली नाहीत. सावद्याकडे आमची केळीची बाग आणि माझ्या शाळेसाठी जळगावात पिंप्राळ्याला घेतलेलं घर. तिथे नळाला पाणी दोन दिवसांआड यायचं, केळी मात्र रोज असायची.

पण मला सांगायचंय ते एका घडाबद्दल. शेतात रस्त्याच्या कडेला, विहिरीच्या मोटारीच्या खोलीजवळ, एक निंब आहे. कापणीचा माल हिरवाच ट्रकमध्ये चढतो, पण त्यातला एक घड भाऊ बाजूला काढायचे आणि त्या निंबाला टांगायचे. भाऊ म्हणजे माझे वडील. आम्ही भावंडं त्यांना भाऊच म्हणतो. तो घड तिथेच पिकायचा. शाळेतली पोरं, कामावरून परतणाऱ्या बाया, मेंढ्या घेऊन चाललेला एखादा मेंढपाळ, कोणीही थांबायचं, केळं तोडायचं, खायचं आणि वाटेला लागायचं. फक्त विचारायचं नाही, असा नियम. एकदा एक बाई आत येऊन म्हणाली, "भाऊ, एक घेऊ का?" तर भाऊ तिच्यावर चक्क रागावले होते. मला वाटायचं, ही आमच्याकडची जुनी रीत असेल.

भाऊंचा दुसरा नियम आम्हा मुलांसाठी होता. आपल्या घरातलं कोणी दुसऱ्याच्या कामावर जायचं नाही. नोकरी चालेल, पण खुर्चीतली. मी शिकायला इंग्लंडला निघाले तेव्हा भुसावळ स्टेशनवर त्यांनी माझी बॅग बर्थखाली सरकवली आणि म्हणाले, "तुले शिकाले धाडतो, मजुरी कराले नही. कमी पडलं तं फोन कर. समजलं का व?"

समजलं, असं म्हटलं मी. तेव्हा खरंच समजलं होतं.

तिथे गेल्यावर मात्र दर महिन्याला फोन करून मागणं जिवावर यायला लागलं. भाऊंनी एकदाही कुरकुर केली नाही. उलट मी तोंड उघडायच्या आधीच "किती धाडू?" विचारायचे, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटायची. वर्गातली निम्मी मुलं कुठे ना कुठे कामाला जात होती. व्हिसावर आठवड्याला वीस तास काम करायची मुभा होती. मला काही सोनं लागलेलं नव्हतं. मी ठरवलं, काम शोधायचं आणि घरी सांगायचं नाही.

ठरवणं सोपं होतं. माझा बायोडाटा अर्धाअधिक लग्नाचाच होता: फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, उंचीसुद्धा. माझ्यासोबत राहणारी मुलगी तो वाचून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. तिने सगळं खोडलं आणि खाली अनुभवाचा रकाना केला. तो रिकामाच राहिला. एका कॅफेत विचारलं, "ट्रे उचलला आहेस का कधी?" उचलला होता, एकदा, पोहे घेऊन, मला बघायला आलेल्यांसमोर. ते काही सांगता येईना. दोन महिने मी दुकानांची दारं ढकलत फिरले. सगळीकडे गोड हसून "कळवतो" म्हणायचे. इतकं गोड हसत नाही म्हणणारी माणसं मी आधी पाहिली नव्हती.

मग घराजवळच्या फळभाजीच्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठी दिसली: शनिवार-रविवारसाठी मदत हवी. मालकीण साठीची, उंच, जाड भुवयांची, शब्द मोजून बोलणारी. म्हणाली, "शनिवारी चार तास ये. काम बघून सांगते." आणि शनिवारी तिने माझ्यापुढे काय ठेवावं? केळ्यांची खोकी.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. झाकण काढलं आणि तो वास आला. हातांना काही शिकवावं लागलं नाही. केळ्याला बोट न लावता फणी देठाने उचलायची आणि उपडी ठेवायची, म्हणजे भार टोकांवर जातो, अंगावर डाग पडत नाही. माझ्या आधीच्या माणसांनी केळी विटांसारखी रचलेली होती. मी सगळी मांडणी मोडून पुन्हा लावली. मालकीण गल्ल्यावरून बघत होती.

तेवढ्यात काठी टेकत एक आजोबा आले. फणी हातात घेऊन बघितली, परत ठेवली, आणि संकोचून विचारलं, "एकच मिळेल का?" मी एक केळं तोडून त्यांच्या हातात दिलं. ते खिसा चाचपू लागले, तर मी चक्क आपल्या भाषेत म्हणाले, "राहू द्या हो बाबा, खा." त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी ते तिथेच उभं राहून खाल्लं. मग एका बाईचं बाळ रडत होतं, त्याला एक दिलं. मग शाळेतल्या दोन मुली आल्या. मी शपथेवर सांगते, आपण काही वावगं करतोय हे मनातसुद्धा आलं नाही. पिकलेलं केळं समोर आहे आणि दारात माणूस आलाय, मग अजून काय विचार करायचा?

मालकीण उठून आली. आवाज न चढवता तिने विचारलं, "ही केळी कोणाची आहेत?"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर दुसऱ्याची केळी होती. मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत निंबाचं, घडाचं काहीतरी सांगायला गेले आणि मध्येच रडू फुटलं. पाकीट काढलं, तर तिने हातानेच नको म्हटलं. "आज घरी जा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, माझी सकाळ आणि त्यांची दुपार, भाऊंचा फोन आला. "हॅलो" म्हणताच ते म्हणाले, "काय झालं व?" मला खोटं बोलताच आलं नाही. कामाला गेले, केळी वाटली, घालवून दिलं, सगळं सांगितलं. बोलून झाल्यावर मजुरी हा शब्द कधी येतो याची वाट बघत बसले. दिलेला शब्द मोडला होता. यापुढे हा माणूस आपल्यावर विश्वास ठेवेल का, एवढीच धास्ती होती मला; काम गेल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं.

मागे विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येत होता. त्यांनी विचारलं, "त्या बाबाले केळं गोड लागलं का?"

"लागलं असंल. सगळं खाल्लं त्यांनी."

"मी बी दोन हंगाम दुसऱ्याच्या बागेत घड वाह्यले," भाऊ म्हणाले. "आपल्या विहिरीले पाणी नव्हतं तवा. तू नव्हती झाली. एक दिवस लय भूक लागली. खाली एक पिकलं केळं पडेल व्हतं, ते उचललं. मालक म्हने, इचारलं का?"

"मंग?"

"मंग काय. ठेवून देलं."

इतकी वर्षं मी ज्याला गावाची रीत समजत होते, ती या एका माणसाची होती. तो निंब, तो घड, विचारणाऱ्या बाईवरचा तो राग, आणि कोणाच्या कामावर जायचं नाही हे आम्हाला घातलेलं बंधनही, सगळं त्या ठेवून दिलेल्या केळ्यातून आलेलं होतं. मला त्यांचं तरुणपणीचं भुकेलं तोंड दिसायला लागलं आणि त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. फोनवर कसं घेणार?

"आता आयक," ते म्हणाले. "बाग आपली असली तं देणं आपलं. केळं त्या बाईचं व्हतं. जाय, तिची माफी माग. काम मागू नको, माफी माग."

"अन् तिनं काम दिलं तं?"

"तं कर. पण नीट कर."

सोमवारी कॉलेज सुटल्यावर गेले. वाटेत पाठ केलेलं सगळं दारातच विसरले. नुसतं म्हटलं, केळी तुमची होती, मी विचारायला हवं होतं. मालकीण बटाटे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो काठीवाला काल आला होता, पैसे द्यायला. विचारत होता, ती मुलगी कुठे आहे."

"मग?"

"मी सांगितलं, ती शनिवारी येते."

शिक्षण संपेपर्यंत मी तिथे काम केलं. डागाळलेली केळी घरी न्यायला तिची परवानगी होती, तरी दर वेळी विचारायचे. ती दर वेळी वैतागून हो म्हणायची. मी तरी विचारायचेच.

गेल्या हिवाळ्यात घरी आले. कापणी चालली होती. भाऊ निंबाखाली बसून दोराचं भेंडोळं करत होते आणि वर घड पिवळाधमक झाला होता. मी हात वर केला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "भाऊ, एक घेऊ का?"

त्यांचा हात थांबला. आता रागावतील असं वाटलं, पण ते माझ्याकडे बघत राहिले. हा प्रश्न मी कुठून घेऊन आले, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं? ते गुडघ्यावर हात टेकत उठले, एक केळं तोडलं, स्वतः सोललं आणि माझ्या हातात दिलं.

"इथं इचारू नको, माय," ते म्हणाले.