बाईचा शेवटचा तोडा

माझ्या मोठ्या बहिणीला मी बाई म्हणायचे. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते आणि बाई सातवीत. ती आठवीत गेलीच नाही. बाबांसोबत धानाच्या रोवण्याला जायची, घरी आली की चूल पेटवायची आणि सकाळी माझ्या वेण्या घालून मला शाळेत पिटाळायची. मी कधी शाळेचा कंटाळा केला तर म्हणायची, "एका घरातली एक शिकली का दुसरी शिकल्यासारखीच हाये. जाय, माझ्या वाटचं पण शिकून ये."

मी रसायनशास्त्रात बीएस्सी झाले आणि गडचिरोलीच्या बाहेर अर्क काढायचा एक लहानसा कारखाना आहे, तिथे तपासनीस म्हणून लागले. जंगलातून आणि शेतातून येणारा हिरडा, बेहडा, शतावरी, गुळवेल वाळवून त्याचा अर्क काढायचा आणि औषधं, साबण बनवणाऱ्यांना पाठवायचा, एवढाच आमचा धंदा. आलेला माल चांगला की वाईट, निघालेला अर्क पाठवण्याजोगा की नाही, हे मी सांगायचं. तोवर बाईचं लग्न आरमोरीकडच्या एका गावात झालं होतं. भाऊजी धानाची शेती करायचे, फार कमी बोलायचे. त्यांना मूलबाळ झालं नाही. माझा पहिला पांढरा कोट बाईनंच इस्त्री करून दिला होता, पितळी तांब्यात निखारे घालून.

एका वर्षी नागपूरच्या एका गिऱ्हाइकानं कॅमोमाईलचा अर्क मागितला. शेवंतीच्या कुळातलं हे परदेशी फूल. नखाएवढं असतं, पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळी टोकदार गोंडी. त्याचा अर्क चेहऱ्याच्या क्रीममध्ये घालतात, चहासारखं उकळूनही पितात. उत्तरेकडून मागवलेली फुलं आली ती निम्मी देठं आणि भुसा. मी आलेले दोन्ही लॉट नापास केले. कारखान्याचे साहेब डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, "धान निघाल्यावर हिवाळ्यात येतं म्हणे हे पीक. आपल्याकडे कोणी लावून बघेल का?"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "माझी बहीण लावेल."

बाईनं विचारलंसुद्धा नाही की हे काय असतं. विहिरीजवळच्या धानाच्या बांधीत ती हिवाळ्यात लाखोरीची डाळ टाकायची. त्या वर्षी लाखोरी टाकली नाही. धूळ म्हणावी इतकं बारीक बी, ते राखेत कालवून तिनं वाफ्यात पेरलं. रोपं बोटभर झाल्यावर मिरचीसारखी लावली. फेब्रुवारी लागता लागता बांधी पांढरी झाली. मी गेले तर ती शेताच्या धुऱ्यावर उभी होती, पदरात ओंजळभर फुलं घेऊन.

"वास घेऊन पाय वं," ती म्हणाली. "पिकल्या बोरासारखा येते."

पुस्तकात सफरचंदासारखा म्हणून लिहिलं होतं. पण बोरच बरोबर होतं.

मोहफुलं वेचण्यात बाईचा हात गावात कोणी धरू शकत नव्हतं, तोच हात इथे लागला. फूल पूर्ण उमललेलं, देठ नखापुरता, पान एकही नाही. दर दहाबारा दिवसांनी एक तोडा. तोडलेली फुलं छपरीत चटयांवर पातळ पसरायची, ऊन लागू द्यायचं नाही, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून बांबूची ताटी लावून घ्यायची आणि दिवसातून चारदा हातानं खालवर करायची. बाईचा माल माझ्या टेबलावर आला की मी आधी नुसती बघत बसायचे. मग चाळणी लावायची, देठ आणि कचरा वेगळा काढून तोलायचा, ओलावा बघायचा. फुलं मद्यार्कात भिजवून, गाळून, आटवून दाट तपकिरी अर्क निघायचा. त्याचा थेंब काचेच्या पट्टीवर चढवून जांभळ्या दिव्याखाली धरला की हवे ते पट्टे जिथल्या तिथे चमकायचे. बुरशी नाही, फवारणीचा अंश नाही. बाईचा लॉट कधी परत गेला नाही. साहेबांनी तिच्या मालाचा नमुना बरणीत भरून मेजावर ठेवला आणि गावागावात दाखवला, तेव्हा आणखी चार घरांनी हे पीक घेतलं.

मला फार अभिमान वाटायचा. लहानपणी तिनं माझं सगळं केलं, आता मी तिच्यासाठी काहीतरी केलं, असं मी मनात म्हणायचे. तेव्हा तसंच वाटायचं.

दुसऱ्या हंगामात ती खोकायला लागली. फोनवर बोलताना मधेच थांबायची, श्वास घ्यायची, आत कुठेतरी शिट्टीसारखा आवाज यायचा. मी म्हटलं, "बाई, थंडी आहे. वाफ घे, हळदीचं दूध पी." ती म्हणाली, "घेऊन राह्यली नं." फेब्रुवारीच्या मध्यात भाऊजींनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं आणि तोंडात फवारायचा पंप दिला. तो पंप ती फडताळात, तिखटाच्या डब्यामागे ठेवायची. बायकांसमोर ओढायची तिला लाज वाटायची.

एका रविवारी मी गेले होते. गिऱ्हाइकाच्या पत्रकात लिहिलं होतं की ही फुलं उकळून प्यायली की घशाला आराम पडतो. मी तिच्याच फुलांचा काढा केला, गूळ घातला आणि कपात ओतून तिला दिला. आजवर तिनं ती फुलं चाखली नव्हती. दोन घोट घेतले आणि तिनं तोंड वाकडं केलं.

"जिभेले खाज सुटून राह्यली वं."

"गरम असेल," मी म्हटलं.

"असन," असं म्हणून तिनं कप खाली ठेवला. थोड्या वेळानं मी बघितलं, तर काढा तुळशीच्या आळ्यात ओतलेला होता. मला हसू आलं. म्हटलं, हिला चहाशिवाय काही चालत नाही.

मार्च अर्धा संपला होता. शेवटचा तोडा वाळत होता आणि गिऱ्हाइकाला माल आठवड्याआधीच हवा झाला. साहेबांनी मला सांगितलं, मी बाईला फोन केला.

"उद्या गाडी येईल बाई. पोती भरून तयार ठेव."

"उद्याच?" ती म्हणाली. मग खोकला दाबून, "ठीक हाये. ठेवतो भरून."

भाऊजी त्या दिवशी सकाळपासून मोहफुलं वेचायला गेले होते. बाईनं एकटीनंच छपरीची ताटी लावून घेतली आणि फुलं सुपानं पोत्यात भरायला घेतली. वाळलेलं कॅमोमाईल हाताळलं की त्याचा पिवळा भुगा उडतो, जमिनीवर, केसांवर, पापण्यांवर बसतो. भाऊजी दुपारी परत आले तेव्हा तीन पोती शिवून झाली होती. चौथं अर्धं होतं. बाई खांबाला टेकून बसली होती. तिला बोलता येत नव्हतं. पंप कुठे आहे ते ती बोटानं दाखवत होती आणि भाऊजींना ते कळत नव्हतं, कारण तो तिखटामागे असतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी हिरड्याची भुकटी तोलत होते. त्यांनी तिला शेजाऱ्याच्या ऑटोनं आरमोरीला नेलं होतं आणि तिथून अँब्युलन्सनं गडचिरोलीला आणत होते. मी कोट न काढताच दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. अँब्युलन्स आली. मागचं दार उघडलं आणि भाऊजी खाली उतरून माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाटेत पोर्ल्याच्या पुढे आलो आणि गेली."

बाईच्या भुवयांत पिवळा भुगा तसाच होता.

तिथला तरुण डॉक्टर कागद लिहीत होता. त्यानं विचारलं, "त्रास सुरू झाला तेव्हा त्या काय करत होत्या?"

"फुलं भरून राह्यली होती," भाऊजी म्हणाले.

"कसली फुलं?"

मी नाव सांगितलं. त्याला ते माहीत होतं. लिहिता लिहिता त्यानं मान वर केली. "शेवंतीच्या जातीचं ना? त्यांना गाजर गवताचा त्रास होता का कधी?"

होता. तिच्या लग्नाआधीपासून होता. निंदणाला गेली की कोपरापर्यंत लाल चट्टे यायचे आणि डोळे सुजायचे. म्हणून ती बाबांचा आणि पुढे भाऊजींचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून निंदायची. त्या सदऱ्यावरून मी तिला चिडवायचे. आणि कारखान्यातून जाणाऱ्या कॅमोमाईलच्या प्रत्येक ड्रमसोबत जो तपासणीचा कागद जायचा, त्याच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ असायची. शेवंती, झेंडू, गाजर गवत या कुळातल्या वनस्पती ज्यांना सोसत नाहीत, त्यांनी हे टाळावं, असा तिचा अर्थ. दोन हंगाम ती ओळ मी माझ्या हातानं टाइप केली. क्रीम लावणाऱ्या, चहा पिणाऱ्या कोणा अनोळखी माणसासाठी ती आहे, असंच मी धरून चालले. फुलं तोडणाऱ्या बाईचा विचार त्या ओळीशी कधी आलाच नाही.

डॉक्टरला मी "हो" म्हटलं. त्यानं लिहून घेतलं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी भाऊजींना त्या ओळीचं सगळं सांगितलं. अंगणात बसलो होतो. घरात बायका भांडी घासत होत्या. मला वाटलं होतं, ते मला चार शब्द बोलतील आणि मग मला रडता येईल. पण ते म्हणाले, "तिले समजलं होतं."

"काय समजलं होतं?"

"फुलानंच होऊन राह्यलं म्हणून. छपरीतून बाहेर आली का बरी राहे, आत गेली का पुन्हा तेच. डॉक्टरनं पुसलं होतं, धुळीत, कोंड्यात काम करता का म्हणून. तिनं नाई म्हटलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, फुलाचं काऊन नाई सांगतलं? त म्हणे, सांगतलं त माझ्या बहिणीले कळन, आणि ती बंद कर म्हणन. मंग साहेबाले काय तोंड दाखवन ती? तिनं माझं नाव सांगतलं हाये तिथी."

आत भांड्यांचा आवाज चालूच होता.

"एवढा तोडा झाला का सोडतो म्हणाली होती," ते म्हणाले. आणि मग अगदी हळू, जणू स्वतःशीच, "तुले इंग्रजी वाचता येत होतं. तिले येत नव्हतं."

एवढंच. त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर मला काही उत्तर देता आलं असतं.

ती तीन पोती ठरल्याप्रमाणे कारखान्यात आली होती. बाई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी गावात फिरली तेव्हा शेजारच्या कोणीतरी ती चढवून दिली. मी कामावर परत गेले तेव्हा ती पोती माझ्या खोलीबाहेर उभी होती. साहेबांनी गिऱ्हाइकाकडून मुदत मागून घेतली होती, पाऊण महिना ती कोणी हलवली नव्हती. साहेब भला माणूस. म्हणाले, "तुम्ही राहू द्या. मी नमुना नागपूरला पाठवतो तपासायला."

मी म्हटलं, नाही, मीच करते. दार लावून घेतलं आणि पोत्याची शिवण उसवली. तिची शिवण, दुहेरी दोऱ्याची, प्रत्येक टाका सारखा. चाळणीत कचरा जवळजवळ नव्हताच. ओलावा बरोबर. पट्टे सगळे जागेवर. त्या दोन हंगामांतला तो सगळ्यात चांगला माल होता. कागदावर रंग, वास, चव, ओलावा असे रकाने असतात, ते मी एकेक भरले. वासापुढे काय लिहावं सुचेना, तेव्हा नेहमीचंच लिहिलं, स्वाभाविक. खालची ओळ टाइप करून झाली आणि मी सही केली. त्यानंतर उसवलेलं पोतं मी तिच्यासारखंच दुहेरी दोऱ्यानं शिवून घेतलं.

त्याच आठवड्यात मी बाकीच्या चार घरी गेले. साहेबांनी मास्क आणि हातमोजे दिले होते, ते वाटले आणि प्रत्येकीला विचारलं, निंदताना खाज येते का, डोळे सुजतात का, छपरीत दम लागतो का. आधी सगळ्या नाही म्हणाल्या. मग मी बाईचं सांगितलं, काही न लपवता, ओळीचंसुद्धा. चिमूरकडच्या एकीनं तेव्हा बाही वर करून हात दाखवला. चट्टे तसेच होते, लाल, कोपरापर्यंत. तिनं मला विचारलं, "मंग आमाले आधी काऊन नाई सांगतलं?" तिनं पीक मोडलं. दवाखान्यात मी तिच्यासोबत गेले आणि डॉक्टरला सगळं मीच सांगितलं.

पुढच्या वर्षी गिऱ्हाइकाला दुसरीकडून माल मिळाला आणि कॅमोमाईल आमच्याकडे बंद झालं. कोणाचं काही अडलं नाही. मी अजून तिथेच आहे, हिरडा, शतावरी, गुळवेल तपासते. लोक विचारतात, नोकरी सोडावीशी नाही का वाटली? वाटली होती. पण बाईनं जे स्वतःचं सोडून मला दिलं, ते असं टाकून द्यायचा मला हक्क नाही, असंही वाटलं. यातलं कोणतं खरं, मला सांगता येत नाही.

भाऊजींकडे महिन्यातून एकदा जाते. वरणभात लावते, घर झाडून काढते. ते बांधीतून येतात, हातपाय धुतात, जेवतात. बाईचा विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही. मागच्या वेळी निघताना ते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी पण ये. एकट्याले जेवन जात नाई." मी हो म्हटलं. बस येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. बस आल्यावर त्यांनी हात दाखवून ती थांबवली आणि मी चढले.