शेजारी कुणीतरी बसावं

शाळेतून येणाऱ्या चिठ्ठ्या फ्रिजवर लावत गेलं की एक दिवस मॅग्नेटच निसटतं, तसं माझ्या किश्श्यांचं झालंय. उइटहॉर्न या डच गावातली आमची पाच मराठी घरं जेवायला जमली की फर्माईश ठरलेली, "ते इलेक्शनचं सांग ना!" इलेक्शन कसलं, मुलीच्या शाळेच्या पालक-शिक्षक मंडळाची एक जागा! पण मी दाराची बेल वाजली तरी दचकणारी बाई. माझ्यासाठी ती लोकसभाच होती.

*

सुरुवात इराच्या डब्यापासून झाली. इथे मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जातं. आई-वडील नोकरीवर असतील तर दुपारी तिथेच डबा खातं. इराला डचचा एक शब्द येत नव्हता. पहिले तीन महिने ती टेबलाच्या टोकाला एकटी पोळीचा रोल खायची. पाणी कसं मागायचं तेही माहीत नव्हतं. घरी आली की घटाघटा दोन ग्लास प्यायची. डब्याच्या वेळी मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या डबा-ताई मात्र मला कौतुकाने म्हणाल्या, "किती शांत मुलगी आहे तुमची!"

मी सायकलवर रडत घरी आले.

पुढच्या पालकसभेत धीर करून म्हटलं, "नवीन मुलाच्या शेजारी कुणीतरी बसलं तर?"

"छान मुद्दा!" मुख्याध्यापक म्हणाले. "मंडळात एक जागा रिकामी आहे. उभ्या राहता?"

साठीच्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणायची आपल्याला सवय आहे का? झालं! लागली नावाची पाटी.

*

उमेदवाराने आपल्या प्रायॉरिटीज लिहून द्यायच्या होत्या. निरंजन, म्हणजे माझा नवरा, झुइडासच्या ऑफिसांच्या भागात प्रोजेक्ट मॅनेजर. त्याने सात मुद्द्यांचं प्रेझेंटेशन केलं, बाणांसकट! मी एकच ओळ लिहिली: भाषा न येणाऱ्या मुलाच्या शेजारी जेवताना कुणीतरी बसावं.

"अगं, हा अजेंडा नाही, ही विनंती झाली! आणि इरा आता आपल्याशीसुद्धा डचमध्ये बोलते. तिचा प्रश्न सुटला की."

"पुढच्या मुलाचा?"

त्याने लॅपटॉप बंद केला. शनिवारी लाडू वळायलाही तोच बसला.

*

लाडवांची आयडिया झूटरमेर गावातल्या माझ्या मैत्रिणीची, केतकीची. फोनवर म्हणाली, "लाडू घेऊन घरोघर जा. हात जोड. लाजतेस काय!"

पहिल्या दारातल्या बाईंनी डायरी काढली. "प्रचाराला ना? तीन आठवड्यांनी मंगळवारी, साडेदहा ते अकरा?" मतदान तर पुढच्याच आठवड्यात होतं!

दुसऱ्या दारातल्या बाईंनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. "तुमचं डच वाईट आहे."

"हो," मी म्हटलं.

"मुद्दा चांगला आहे. मत तुम्हाला."

तिसऱ्या दारात एक आजोबा. लाडू खाऊन म्हणाले, "मला मत नाही, नातवंडं मोठी झाली. पण दुसरा घेऊ का?"

*

माझ्यासमोर उभी होती हानेका. तीन मुलांची आई, इथलीच. सायकल-शेड, रस्ता ओलांडायची सोय, मुलांच्या डोक्यातल्या उवांची तपासणी, असे तिचे दणदणीत मुद्दे. एकदा शाळेच्या फाटकाशी तिने माझ्याशेजारी करकचून ब्रेक मारला.

"तू माझ्याविरुद्ध उभी आहेस ना?"

"सॉरी!" मी दचकून म्हटलं.

ती खो खो हसली. माझ्या हातातलं पत्रक घेतलं, सायकलच्या सीटवर ठेवलं आणि पेनने त्यातल्या चार चुका दुरुस्त केल्या. "हं, आता हे घरोघर वाटलंस तर लोकांना कळेल!"

अजून जपून ठेवलंय मी ते पत्रक.

*

मतदानाला नावापुढचा गोल लाल पेन्सिलीने रंगवायचा होता. निकाल लागला. हानेका एका मताने जिंकली!

निरंजन म्हणाला, "एका मताने! कोणी दिलं असेल गं?"

मी भांडी आवरायला लागले.

"तू... स्वतःला दिलंस ना?"

"स्वतःच्याच नावावर खूण करायला कसंतरीच वाटलं रे. आणि तिने चुका दुरुस्त करून दिल्या होत्या..."

केतकीने आठवडाभर माझा फोन घेतला नाही.

*

हानेकाने पहिल्याच मीटिंगमध्ये स्वतःच्या तीन मुद्द्यांच्या आधी माझा मुद्दा मांडला, आणि तो पासही करून घेतला. महिन्याभराने पोलंडची एक मुलगी शाळेत आली. डचचा एक शब्द नाही, नुसती रडत होती. पहिल्या दिवशी जेवणाच्या खोलीत काय होतंय ते बघायला हानेका मलाही घेऊन गेली. आम्ही दाराशी उभ्या राहिलो.

इराने खुर्ची ओढत ओढत नेली, त्या मुलीला चिकटून बसली आणि आपला पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. मग चक्क मराठीत म्हणाली, "रडू नको. पाणी पी."

आणि ती मुलगी प्यायली!

हानेकाने जवळ जाऊन, वाकून इराला विचारलं, "तू तिच्याशी तुमच्या भाषेत का बोललीस?"

किती मठ्ठ प्रश्न, असा चेहरा करून इराने अस्खलित डचमध्ये उत्तर दिलं,

"कारण तिला डच येत नाही!"