वहिनीचं मुंगूस

ते मुंगूस माझं होतं. मी चौथीत असताना शहाडला उल्हास नदीच्या काठी बाबांनी मला ते दाखवलं आणि म्हणाले, "इंग्रजांनी याचं नाव आपल्याकडून उचललं. मुंगूसचं मॉन्गूस केलं." वर्गात कुणालाच हे माहीत नव्हतं. मी महिनाभर मिरवलं.

बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर होते. पटावर अक्षरांच्या सोंगट्या लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ असतो ना, त्यावरच ते इंग्रजी शिकले आणि मलाही शिकवलं. घरचा नियम त्यांचा. शब्द लावला की त्याचा अर्थ सांगायचा, तो कुठून आला ते सांगायचं, मगच गुण.

आता मी ठाण्याहून रविवारी माहेरी जाते, तेव्हा पटाशी माझ्या जागेवर वहिनी बसलेली असते. मी आपली पाहुण्यासारखी पोहे खाते. त्या रविवारी तर तिने कहरच केला. पटावरच्या एका 'ओ'ला हातातल्या सातही सोंगट्या जोडून तिने 'मॉन्गूस' लावला. अक्षरांचे अकरा, शिवाय सात एकदम लावल्याचे पन्नास.

"अर्थ?" बाबांनी विचारलं.

"मुंगूस."

"आला कुठून?"

"आपल्या मराठीतून. तुम्हीच नाही का परवा सांगितलंत, बाबा!"

बाबांनी टाळीच दिली तिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मत्सर म्हणा, जळफळाट म्हणा, मला सगळं मान्य आहे. पट आवरताना मी एक 'ओ' गुपचूप पर्समध्ये टाकला. म्हटलं, लाव आता मुंगूस!

पुढच्या रविवारी गेले, तर बाबांनी लाकडी पट्टीचा तुकडा घासून नवी सोंगटी केलेली आणि वहिनीने तिच्यावर 'ओ' काढलेला. वर दोघं मलाच कौतुकाने दाखवतायत. मला चहासुद्धा गोड लागेना.

निघताना बाबा जिन्यापर्यंत आले. "तो 'ओ' राहू दे तुझ्याकडे," हळूच म्हणाले. "लहानपणीपण हरायला लागलीस की एखादी सोंगटी पळवायचीस. वहिनीला नाही बोललो मी."

शरमेने माझी मान वर होईना. पण रिक्षात बसल्यावर पर्समधली सोंगटी चाचपली आणि फार बरं वाटलं. निदान हे तरी बाबांनी तिला सांगितलं नव्हतं.