चार नावांची फर्माईश

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ती काचा घासायची. पुढे मालक गिऱ्हाइकांची नजर तपासायचे, मधल्या टेबलावर फ्रेमवाला बारीक स्क्रू पिळत बसायचा, आणि मागे यंत्राच्या घरघरीत ती. अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्या आवाजात ओरडल्याशिवाय बोलता येत नसे, म्हणून कुणी बोलायच्या भानगडीतच पडत नसे. बाई मितभाषी आहेत, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

आई गेल्यापासून घरी ती एकटीच. थोरला भाऊ दुसऱ्या शहरात. वर्षातून दोनदा त्याचा फोन यायचा. “बाकी ठीक?” तो अशा सुरात विचारायचा, की “ठीक” सोडून दुसरं काही बोलायला जागाच उरायची नाही.

रविवारी सकाळी रेडिओवर फर्माइशींचा कार्यक्रम लागायचा. आवडतं गाणं पत्रानं कळवायचं. नियम एवढाच, की एका नावाला महिन्यातून एकच गाणं. तिचं एका गाण्यावर भागेना. दुसऱ्या महिन्यात तिनं स्वतःच्या पत्राखाली ‘आत्या’ अशी सही केली आणि त्याच घरातून ‘दादा’ नावाचं दुसरं पत्र पाठवलं. मग वहिनी आली. मग भाचा.

सुरुवातीला ही नुसती नावं होती. पण माणसं एकदा घरात आली की गप्प थोडीच बसतात! दादाला रागदारी लागायची, तीही विलंबित. वहिनी पत्रात तक्रार करायची, की यांचं गाणं संपेपर्यंत आमचं दूध उतू जातं, मला आपली एखादी अंगाई लावा. भाचा परदेशी गिटार मागायचा आणि ‘लवकर लावा, मला क्लासला जायचंय’ असं बजावायचा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी जेवण उरकलं की ती चारही पत्रं एका बैठकीत लिहायची आणि एकटीच हसायची.

रविवारी निवेदक म्हणायचे, “आणि हे आपलं रसिक कुटुंब!” तेव्हा ती हातातला चहा खाली ठेवायची.

असं सहा वर्षं चाललं. मग एके दिवशी रेडिओ केंद्राचं पत्र आलं. पुढच्या रविवारी आपल्या सगळ्या कुटुंबानं कार्यक्रमात यावं, गप्पा माराव्यात.

दोन दिवस विचार करून तिनं भावाला फोन लावला.

“दादा, रविवारी येशील? रेडिओवर जायचंय. वहिनींनाही आण.”

“रेडिओवर? मी काय बोलणार तिथं?”

“आवडत्या गाण्याबद्दल.”

“मला कुठलं गं गाण्यातलं कळतं!” तो हसला. “आणि रविवारी आमच्याकडे माणसं यायचीत जेवायला. बाकी ठीक?”

“ठीक,” ती म्हणाली.

ती एकटीच गेली. काचेच्या खोलीत चार खुर्च्या मांडलेल्या होत्या. निवेदक म्हणजे कुणी भारदस्त गृहस्थ असतील असं तिला वाटायचं. निघाले किडकिडीत, सर्दीनं बेजार, काडीला चिकटपट्टी लावलेला चष्मा घातलेले.

“बाकीची मंडळी?”

“बाहेरगावी गेलीत.”

“हरकत नाही. तुम्हीच सांगा सगळ्यांचं.” त्यांनी तीन खुर्च्या स्वतः उचलून भिंतीला लावल्या. लाल दिवा लागला.

पहिलं दादांचं, ते म्हणाले. ती बोलायला लागली आणि तिला थांबता येईना. “त्यात गवई एकाच सुरापाशी घोटाळत राहतो. पुढं जायची घाई नाही. काचेची कड घासताना असंच करावं लागतं, घाई केली की तडा जातो. दादाला… ते पटतं.”

“आणि वहिनींची अंगाई? मुलगा तर मोठा झाला.”

“अंगाईला मूल लागतंच असं कुठं आहे? झोप सगळ्यांनाच हवी असते.”

भाच्याच्या गिटारच्या गाण्यातला एकही शब्द कळत नाही, म्हणूनच ते बरं वाटतं, असं ती म्हणाली. कळणाऱ्या गाण्यांत हटकून कुणीतरी कुणाला तरी सोडून गेलेलं असतं. निवेदक खोकल्याच्या निमित्तानं हसले.

“मग आत्याचं?”

“दोघांनी म्हणायचं लोकगीत आहे. एक ओळ तिची, एक त्याची. मी तिची ओळ म्हणते. त्याची आली की गप्प बसते. रेडिओ म्हणतो.”

त्यांनी गाणं लावलं आणि माईक बंद केला. ढोलकी सुरू झाल्यावर हळूच म्हणाले, “बाई, चारही पाकिटांवर अक्षर एकच असायचं. पहिल्यापासून माहीत होतं.”

तिचे कान तापले. “मग लावत का होतात?”

“दुसरी पत्रं यायचीच कुठं? कधी दोन, कधी तीन. बाकीच्या फर्माइशींची नावं मीच बनवायचो.” त्यांनी रुमालानं नाक पुसलं. “महिनाअखेरीस कार्यक्रम बंद होतोय. म्हटलं, त्याआधी एकदा भेटावं.”

शेवटच्या रविवारी तिनं एकच पत्र पाठवलं. खाली पूर्ण नाव घातलं आणि वर चार गाणी लिहिली. चारही लागली. निवेदकांनी नाव वाचलं, ‘कुटुंब’ म्हणाले नाहीत.

पुढं फ्रेमवाल्यानं तिला मोबाइलवर गाणी कशी लावायची ते दाखवलं. हवं ते, हवं तेव्हा. महिनाभर तिनं ऐकून पाहिली. सूर तेच होते, पण पुढचं गाणं कुठलं हे आपल्यालाच ठाऊक असलं की वाट बघायला काही उरत नाही. तिनं ते बंद केलं.

आता रविवारी ती सकाळी उशिरा उठते. चहा करते. खालच्या रस्त्यावरून कुणी शीळ घालत गेलं, की खिडकीपाशी येऊन ती शीळ वळणापलीकडं जाईपर्यंत उभी राहते.