राजीखुशीचा कागद

आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत न्हाई. माणूस गेला, तेरावा उरकला, की किस्सा आपल्या पायानं चालत परतूरच्या रजिस्ट्री हापिसासमोर येतो आणि लिंबाखाली माझ्या सतरंजीवर बसतो. मी अर्जनवीस. वाटणीपत्र, मृत्युपत्र, बहिणीचं हक्कसोडपत्र, ज्याला जे लागेल ते लिहून द्यायचो. शेजारी स्टॅम्प विकणारे करीमभाई. त्यांचा स्टॅम्प, माझं अक्षर आणि गेलेल्याची जमीन, एवढाच आमचा कारभार. मी सांगतोय ते सगळं बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या चार-पाच वर्षांतलं.

हक्कसोडपत्रात एक ओळ ठरलेली असते. 'मी हा हक्क राजीखुशीने सोडून देत आहे.' ती मी इतक्या वेळा लिहिली की आमच्याकडं त्या कागदाचं नावच 'राजीखुशी' पडलं. माणसं येऊन म्हणायची, "अर्जनवीस, बहिणीची राजीखुशी करून घ्यायची हाय. जल्दी करा, तिला दुपारच्या गाडीनं परत पाठवायचं हाय."

त्याच दिवसांत आमचा बाप वारला. आई आधीच गेल्ती. वाटूरला त्यानं स्वतः घेतलेली नऊ एकर जमीन, आणि वारस तिघं. थोरला दादा, मी, आणि टेंभुर्णीला दिलेली धाकटी बहीण शांता. शांताचा नवरा वारलेला, पदरात एक लेक, आणि सासरचे रोज म्हणायचे, तुझं तू बघ. कायद्यानं तिला तीन एकर येत होते. मायलेकी तेवढ्यावर जगल्या असत्या. दादा म्हणाला, "शांतीची राजीखुशी कधी करतो?" मी म्हणालो, "बघू." वर्षभर नुसतं बघतच राह्यलो.

*

एक म्हातारबा आल्ते. पोरं दोन, पण म्हातारपणी सांभाळलं ते नवऱ्यानं टाकलेल्या भाचीनं. तिच्या नावानं विहिरीजवळचे दोन एकर करायचे होते. मी लिहायला घेतलं, 'मी मेल्यानंतर'. म्हातारबा बिघडले.

"मेल्यानंतर कसं? 'जर मेलो तर' लिवा."

"बाबा, जर कशाला? जायचं तर सगळ्यांनाच हाय."

"सगळ्यांचं तुम्ही बघा. माझ्या कागदात जर पायजे."

लिहिलं जर. सही मात्र केली न्हाई. दिवाळी होऊ द्या म्हणाले, आणि दसऱ्याच्या आधीच गेले.

तेरावा झाल्यावर भाची तो कागद पदरात बांधून घेऊन आली. पोरांनी तिला घराबाहेर काढलं होतं. मी सांगितलं, बाई, ह्याच्यावर सही न्हाई, हा चालत न्हाई. तिनं कागद पुन्हा पदरात बांधला.

मंग म्हणाली, "ते 'जर' लिव्हलंय म्हणून अडलं का? पण आता जर कुठं राह्यलं? मेले की मामा."

*

दोन भाऊ वाटणीपत्राला आले, सोबत म्हातारी आई. जमीन वाटली, बैल वाटले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावल्या. बांधावरच्या आंब्याच्या फांद्यासुद्धा उगवती-मावळती करून वाटल्या. शेवटी आई राह्यली. चैत्रापासून भाद्रपदापर्यंत थोरल्याकडं, आश्विनापासून फाल्गुनापर्यंत धाकट्याकडं, असं ठरलं. मी लिहून मोकळा झालो.

वाचून दाखवलं तर थोरला अडून बसला. "धोंड्याच्या महिन्याचं काय?"

झालं. अधिक महिना दर तीन वर्षांनी यायचा आणि बहुतेक वेळा त्याच्याच सहा महिन्यांत पडायचा. सातवा महिना मी फुकट का सांभाळू, असं त्याचं म्हणणं. धाकटा म्हणे, ज्याच्या वाट्यात पडतो त्यानं बघावं. करीमभाईंनी समजावलं, मी समजावलं. दोघं बिलकुल ऐकायला तयार न्हाईत. कागद तसाच माझ्या मांडीवर पडलेला.

म्हातारी लिंबाच्या बुडाशी बसून होती. ती म्हणाली, "अर्जनवीसदादा, तेवढा एक महिना माझ्या नावावर करता का?"

*

राजीखुशीला आलेली बहीण लांबून ओळखू यायची. अंगावर कोरं लुगडं, त्याच्या घड्या मोडलेल्या नसायच्या. भावानं सकाळी बाजारातून घेतलेलं आणि लगेच नेसायला लावलेलं.

अशीच एक बाई साहेबांपुढं उभी राह्यली. आमचे रजिस्ट्रार साहेब कायद्याला पक्के होते. त्यांनी विचारलं, "बाई, समजून उमजून सोडताय ना हक्क?"

भाऊ म्हणाला, "हो साहेब."

साहेब म्हणाले, "तुम्ही गप बसा. बाईंना बोलू द्या."

बाईनं भावाकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "दादा, काय म्हणू?"

बाहेर येऊन मी हे करीमभाईंना सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. ते स्टॅम्पची पेटी पुसत राह्यले. म्हणाले, "आमच्यात लेकीचा हिस्सा मजहबनंच लिव्हून ठेवलाय. माझ्या बहिणीला मिळाला का, इचारा."

"मिळाला?"

"न्हाई. तिची राजीखुशी आम्ही जबानीच करून घेतली. स्टॅम्पसुद्धा लागला न्हाई." आणि म्हणाले, "तुमच्या बहिणीचं काय करून राह्यले?"

मी पुढचा कागद लिहायला घेतला.

*

शेवटी दादानंच कोणाकडून तरी शांताला कार्ड लिहून घेतलं. दादाला स्वतःला वाचता येत न्हाई. त्यानं नांगर धरला म्हणून मी शाळेत गेलो, आणि म्हणून त्याच्यापुढं माझं तोंड उघडत न्हाई, असं मी मनाला सांगत आल्तो. पण खरं सांगतो. शांताचा हिस्सा सुटला की माझ्या तीन एकरांचे साडेचार होणार होते, आणि हे मी एक दिवसही विसरलो नव्हतो. मला माझीच शरम वाटून राह्यली होती, आणि तरी मी सकाळी उठून कागद लिहून ठेवला.

शांता लेकीला शेजारणीकडं ठेवून, जालन्यावरून रेल्वेनं आली. दादानं तिच्यासाठी लुगडं आणलं होतं, हिरवंगार. ती विधवा हाय हे दुकानात त्याच्या ध्यानातच आलं न्हाई. तिनं ते हातात घेतलं, बघितलं आणि घडी न मोडता पिशवीत ठेवलं.

मंग मला म्हणाली, "भाऊ, तू काय म्हणतो?"

मी म्हणालो, "दादा म्हणतो ते बराबर हाय."

"मंग चला," ती म्हणाली.

साहेबांनी कागद वाचायला घेतला आणि मधेच थांबले. "अर्जनवीस, आज काय झालं तुम्हाला? राजीखुशी राहिली की."

खरंच राह्यली होती. डोळे मिटून लिहायचो मी ती ओळ. आणि सख्ख्या बहिणीच्या कागदात नुसतं 'मी हा हक्क सोडून देत आहे' एवढंच लिहिलं होतं.

"वर घाला तेवढा शब्द," साहेब म्हणाले.

मी पेन काढलं. शांता म्हणाली, "आण इकडं. मी लिहिते."

ती चौथी शिकलेली. तिच्याकडून पाटीवर अक्षरं मीच गिरवून घेतली होती. दादा खूष झाला. म्हणाला, "लिहू दे, लिहू दे. तिच्या हातचं म्हणजे अजून पक्कं."

तिनं ओळीच्या वर सावकाश लिहिलं आणि खाली सही केली. साहेबांनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. मंग कागद माझ्याकडं फिरवला. माझ्याच वळणाचं अक्षर. एक शब्द घालायचा होता, तिनं दोन घातले होते.

'मी हा हक्क भावांच्या राजीखुशीने सोडून देत आहे.'

"काय झालं साहेब?" दादा विचारत होता. "बराबर हाय ना?"

साहेबांनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. मला म्हणाले, "कागदात मागून भर घातली की शेजारी अर्जनवीसाची सही लागते. तुम्हाला माहीतच आहे. करताय?"

शांता माझ्याकडं बघत होती.

"बराबर हाय, दादा," मी म्हणालो, आणि त्या दोन शब्दांच्या शेजारी सही केली.