एका कानाचे तीन मालक

माझ्या डाव्या कानामागे अजून एक गाठ हाताला लागते. कंगवा तिथून फिरला की इतक्या वर्षांनीही मला राग येतो, आणि तो शिळा झालाय असं मला एकदाही वाटलेलं नाही.

तेव्हा आम्ही शहापुरात राहत होतो आणि माझी बदली मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेवर झाली होती, सरळगावच्याही आत. किन्हवलीमार्गे एसटी होती, पण ती शाळेची घंटा बघून धावत नसे. उतरल्यावर पुढे जीप, आणि ती भरेपर्यंत ड्रायव्हरचा पाय हलत नसे. रोज उशीर, रोज मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठ्या. शेवटी मी माझ्या पगारातून बिनगिअरची गाडी घेतली आणि तिच्याबरोबर पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट. आमच्याकडे तेव्हा पुरुषसुद्धा हेल्मेट घालत नसत. किन्हवलीच्या नाक्यावर बसलेले लोक मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा एकमेकांना विचारायचे, "बाई हाय का बाप्या रे ह्यो?" मी काच खाली ओढून पुढे निघायची.

घरातून गाडीला कोणी नको म्हटलं नाही. फक्त अट घातली. नवरा म्हणाला, "फोन केला की लागला पाहिजे. रस्त्यात असलीस तरी उचलायचा. नाहीतर गाडी विकून टाकू, तू आपली एसटीनेच जा." सासूबाईंनी मान डोलावली. पैसे माझे, गाडी माझ्या नावावर, आणि विकणार हे! हा नवरा स्वतः वाशिंदच्या कंपनीत मोटारसायकलवरून जायचा, हायवेने, उघड्या डोक्याने, फोन खांद्यात दाबून मान वाकडी करून. त्याच्या फोनला कुणी अट घातली नव्हती.

मग माझ्या कानासाठी यंत्र निवडायला आम्ही शहापूरच्या बाजारात गेलो. कान माझा, पण दुकानदार सगळं बोलला नवऱ्याशी. "मॅडमना झेपेल ना?" हेही त्यालाच विचारलं. आधी वायरीचा इअरफोन काढला. मी हेल्मेट सोबत नेलं होतं, तिथेच घालून बघितलं. डोक्यावरून खाली ओढताना गादीने कानातली बोंडं बाहेर खेचली आणि वायर मंगळसूत्रात अडकली. डोक्यावरून पट्टा जाणारा हेडफोन हेल्मेटखाली शिरेचना. नवऱ्याचा स्वतःचा तोडगा असा, की फोनच हेल्मेटच्या आत गालाशी खुपसायचा. "आमच्या कंपनीत सगळे तसंच करतात." मग ते सगळे कंपनीत पोचतात तरी कसे, असं मी विचारलं. त्याला ते आवडलं नाही.

राहिला ब्लूटूथ. कानामागे आकडा अडकवायचा, पुढे काळी डबी लोंबते. तेव्हा नवीनच होता, आणि नवऱ्याला तो मनापासून आवडला. मी घालून बघितला, वर हेल्मेट चढवलं आणि ओरडलेच. कानात कुड्या होत्या, लग्नातल्या, मोत्यांच्या. आकडा कानाला पुढे ढकलत होता, हेल्मेटची गादी मागे दाबत होती आणि मध्ये सापडलेली कुडीची फिरकी सरळ मांसात घुसत होती. "सवय होईल," नवरा म्हणाला. दुकानदारही म्हणाला, "होईल सवय." दोघांच्याही कानात काही नव्हतं.

निघताना त्या दोघांनी माझ्या फोनमध्ये आणखी एक सोय करून ठेवली, जी मला दुसऱ्या दिवशी रस्त्यात कळली. ब्लूटूथ लावलेला असला की फोन आपोआप उचलला जायचा. बटण दाबायचंही काम नाही.

त्या रस्त्याला रेंज सलग नव्हती. सखल भागात फोन मुका, आणि चढ संपला की एकदम जिवंत व्हायचा. चढ जिथे संपतो तिथेच वळण. म्हणजे सगळे फोन मला नेमके वळणावर गाठायचे. समोरून विटांचा ट्रक येतोय, मी कडेच्या मातीत गाडी सावरतेय आणि कानाच्या पडद्यावर सासूबाई, "अगो, येताना लसूण आन. आणि डब्याची भाजी खाल्लीस का?" दोन्ही हात हँडलला. फोन बंद करता येत नाही, कान झाकता येत नाही, ओरडलं तर हेल्मेटमध्ये आपलाच आवाज आपल्यावर आपटतो. त्या वळणावर एकदा माझं पुढचं चाक गटारात गेलं. गुडघा सोलपटला, हेल्मेटवर हा एवढा ओरखडा आला. मी आडवी पडलेली आणि कानात नवरा विचारतोय, "हॅलो, आवाज का येत नाय? कुठे पोचलीस?" मी म्हटलं, "गटारात." तो म्हणाला, "ठीक आहे, पोचलीस की सांग." ट्रकचा आवाज मधे आला असेल, त्याला ऐकू गेलं नसेल, असं मी स्वतःला पुष्कळ सांगून बघितलं.

पावसाळा सरता सरता कान पिकला. आधी लाल झाला, मग मागे गाठ आली, मग उशी खराब व्हायला लागली. डॉक्टरांनी पू काढला, पट्टी लावली आणि सांगितलं, "तीन-तीन गोष्टी एका कानावर कशाला? दाब कमी करा."

त्या संध्याकाळी घरात माझ्या कानावर विचारविनिमय झाला. मी पट्टी धरून पाटावर बसले होते.

"कुडी नाय काढायची," सासूबाई म्हणाल्या. "भुंड्या कानाची सवाशीण बरी दिसत नाय. शेजारपाजारचे काय म्हनतील?"

"ब्लूटूथ तर पाहिजेच," नवरा म्हणाला. "नाहीतर फोन कसा उचलणार ही?"

मग नवऱ्याला सुचलं. "हेल्मेट काढ ना! किन्हवलीच्या रोडला कुठे पोलीस बसलाय?"

"तेच बरं," सासूबाई म्हणाल्या. "नायतरी ते घमेलं घालून तू बाई दिसतच नायस."

कुडी राहणार, फोन राहणार, आणि डोकं तेवढं उघडं पडणार. ओरखडा आलेलं हेल्मेट समोर खुंटीला टांगलेलं होतं, ते दोघांनाही दिसत होतं. मला इतका संताप आला की पट्टी हातातून गळून पडली. मी म्हटलं, "आणि डोकं फुटल्यावर कुडी कशात घालू, आई?"

"अभद्र बोलू नको," नवरा म्हणाला, आणि तो विषय त्याच्यापुरता संपला.

सकाळी तो पहिल्या पाळीला निघून गेल्यावर मी आरशासमोर उभी राहिले आणि दोन्ही कुड्या काढल्या. डावी निघेना. निघाली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. त्या सासूबाईंच्या हातावर ठेवल्या. ब्लूटूथ बंद करून फोनसकट टीव्हीवर ठेवला, हेल्मेट घरातच डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखाली पट्टा लावला. त्या काहीतरी बोलत होत्या. मला नीट ऐकू आलं ते एवढंच, "गाडी इकंल गो तो तुजी."

दिवसभर शाळेत माझं लक्ष नव्हतं. परतताना त्या वळणावर मला पहिल्यांदाच माझ्या गाडीचं इंजिन ऐकू आलं. चांगलं चाललं होतं. पण ही गाडी आता आपल्याकडे किती दिवस, हाच विचार घरापर्यंत पुरला.

सासूबाई दारातच होत्या. केस विस्कटलेले, चेहरा तापलेला. फोन टीव्हीवर नव्हता. तो तांदळाच्या डब्यात होता आणि डब्यावर गोधडी टाकलेली होती.

"दिसभर वाजतोय मेला," त्या म्हणाल्या. "जरा पाठ टेकली का वाजला, भाकरी थापाय बसली का वाजला. कान किटले माजे! काय एवढं काम असतं त्याचं?"

मी फोन बाहेर काढला. सगळे फोन नवऱ्याचे होते. मला हसू आलं नाही. त्यांचे कान एका दिवसात किटले होते आणि त्यांनी ते बिनदिक्कत सांगून टाकलं. माझा पिकला, फुटला, तरी मला पाटावर बसून ऐकून घ्यावं लागलं होतं.

"ह्याला गप कसा करायचा ते दाव मला," त्या म्हणाल्या.

मी त्यांना लाल बटण दाखवलं. त्यांना पटकन कळेना, म्हणून त्यांचं बोट धरून त्यावर ठेवलं. तेवढ्यात फोन परत वाजला. त्याचंच नाव. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी कोण आहे ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या सुजलेल्या, भुंड्या कानाकडे एकदा बघितलं आणि बटण दाबलं.